पाचव्या पानाची खूण

हे लिहून ठेवायचंच नाही, असं प्रफुलनं ठरवलं होतं. फोनवर दोन ओळी टाइप करायच्या, पुसायच्या, परत टाइप करायच्या, असं तीनदा झालं. लिहिलं नाही की झालंच नाही असं म्हणायला जागा राहते. आणि तसं झालं तरी काय होतं? रविवारची सकाळ, चंद्रपुरातली भाड्याची खोली, खोलीबाहेर गॅलरी, गॅलरीत रंगाच्या जुन्या बादलीत लावलेलं मक्याचं एकच झाड. घरमालकीण गुणाबाई झाडू मारायला वर आल्या आणि मारता मारता त्यांनी झाडाची खालची वाळकी पानं ओढून काढली. एवढंच. "खराब दिसत होती गा," त्या म्हणाल्या. "लोंबत होती नुसती. तुले तर पाहाले टाइम नाई. मी साफ करून देल्लं." प्रफुल दात घासत होता. सवयीनं त्यानं झाडाकडं पाहिलं आणि सवयीनंच मोजलं. सहा. काल संध्याकाळी नऊ होती. ब्रश तोंडातच राहिला. झाड तेच, उंची तीच, पोंग्यात साचलेलं पाणीही तेच, आणि आकडा एका झाडूत तीननं खाली. सुपलीत तीन पानं पडली होती, कागदासारखी. त्यातलं सगळ्यात लहान पान टोकाला गोल होतं.  गुणाबाईंनी त्याचं तोंड पाहिलं आणि झाडू टेकून उभ्या राहिल्या. "काऊन, काही चुकलं का माह्याकडून? पानंच होती ना वाळली?" "नाई, नाई बाई," तो फेसाच्या तोंडानं म्हणाला. "तुमचं नाई चुकलं."

मोजणं हेच त्याचं काम. शहराबाहेर मूलच्या रस्त्याला एका केंद्रात मक्याचे वाण लावून पाहतात, तिथं तो अकरा महिन्यांच्या करारावर आहे. मक्याचं पान मोजायला सोपं वाटतं, पण नसतं. पान आधी पोंग्यातून, म्हणजे झाडाच्या मधल्या गुंडाळीतून, भाल्यासारखं टोक वर काढतं. मग रोज थोडं थोडं उलगडतं. शेवटी ते खोडापासून जिथं मोकळं होतं तो सांधा बाहेर दिसतो, सांध्यावर फिकट पट्टा असतो, शर्टाच्या कॉलरसारखा. पट्टा दिसला म्हणजे पान पूर्ण झालं, ते मोजायचं. नाही दिसला तर ते कितीही लांब असो, मोजायचं नाही. आणि मोजायचं खालून. पहिलं पान ओळखू येतं, तेवढ्या एकाच पानाचं टोक गोल असतं, तान्ह्या लेकराच्या जिभेसारखं. पण खालची पानं टिकत नाहीत. खोड जाड व्हायला लागलं की त्यांची बुडं फाटतात, ती पिवळी पडतात, पावसात कुजतात, भर लावताना मातीखाली जातात. म्हणून झाड पाच पानांचं असतानाच पाचव्या पानावर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचा. खालची चार गेली तरी ठिपका सांगतो, मी पाचवा, इथून वर मोज. जुलैच्या मध्यात प्रफुलनं ठिपके दिले. सोळा वाण, प्रत्येकाच्या चार ओळी. पंधरा वाणांना दिले. सोळाव्याच्या बांधावर पोचला तेव्हा डबीत ब्रश खरवडून काही निघेना, आणि आभाळ भरून आलेलं. उद्या देऊ, असं म्हणून तो निघाला. उद्या पाऊस होता. परवाही होता. चौथ्या दिवशी केंद्राच्या मयुरी मॅडमनी खताच्या कामाला लावलं. त्यानंतर बायांनी भर लावली, झाडांच्या बुंध्याशी माती चढली, आणि ठिपक्याची गोष्ट त्याच्या डोक्यातून गेली. खोटं कशाला बोला, गेली नव्हती. एकदा आठवली होती. त्यानं सोळाव्या नंबरात वाकून पाहिलं, सगळ्यात खाली जे पान दिसलं त्याला पहिलं धरलं आणि वर मोजत गेला.

सोळावा नंबर लालसूचा, त्याच्या हॉस्टेलच्या मित्राचा होता. म्हणजे लालसूच्या आईचा, सुकरीचा. हेमलकशाच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत, त्यांचं घर. मागच्या उन्हाळ्यात प्रफुल तिथं दोन दिवस राहिला होता. चुलीच्या वर बांबूला मक्याची कणसं उलटी टांगलेली, धुरानं पार काळी झालेली. सुकरीनं एक कणीस काढून मांडीवर घासलं तर आतून दाणे निघाले लाल, पिवळे, मधेच एखादा जांभळा, जणू कुणी फसवायला रंगवले असावेत. घराच्या कुंपणाच्या आत ती हा मका लावते, तिची आई लावायची, कुणी विकत घेतला नाही की विकला नाही. पंडुम, म्हणजे नवं खाण्याचा सण, झाल्याशिवाय त्यातलं एक कणीसही कोणी तोडत नाही. तिनं दोन मुठी दाणे प्रफुलच्या रुमालात टाकले आणि माडिया बोलीत काहीतरी विचारलं. लालसू हसायला लागला. "विचारून राह्यली, याचं करतो काय म्हनते. मी सांगितलं, पानं मोजतो, त्याचा पगार घेतो. तर म्हनते, पानं मोजाले पगार, मंग दाने मोजाले काय देत असतीन?" सुकरीही हसली, तोंडावर हात ठेवून, आणि प्रफुलला बरं वाटलं. मॅडमला त्यानंच पटवलं होतं की एक वाण जंगलातला लावून पाहू. मॅडम म्हणाल्या होत्या, लावा, शेवटच्या कोपऱ्यात जागा आहे.

गॅलरीतल्या बादलीत लावलेला दाणा त्यातलाच, रुमालाच्या शिवणीत अडकून राहिलेला. काल संध्याकाळी त्या झाडाला नऊ पानं होती आणि शुक्रवारी शेतात त्याच्या भावंडांना आठ. बादलीतलं उपाशी झाड, धुण्याच्या पाण्यावर जगलेलं, शेतातल्या झाडांच्या पुढं कसं, हा प्रश्न एकदाही त्याच्या मनात आला नाही. सुपलीतल्या गोल टोकाच्या पानाकडं पाहताना त्याला हेच आधी लागलं. शेतातलीही खालची पानं अशीच गेली असणार, ही चूक नंतर. मोजताना कुणीही चुकतं. पण चुकलेला आकडा त्याला खरा का वाटला? बाकी पंधरा वाणांना दहा, अकरा, बारा पानं येत होती आणि सोळाव्याला सात, मग आठ. वहीत लिहिताना हात एकदाही अडला नव्हता. उलट आकडा लिहिताना त्याच्या मनात एक वाक्य येऊन जायचं, रोज, इतक्या हळू की ते वाक्य आहे हेही कळू नये: जंगलातलं आहे, हळूच वाढणार.

तो खाली उतरला, गाडी काढली, आणि रस्त्याला लागेपर्यंत हे वाक्य त्याच्या बरोबर मागच्या सीटवर बसून आलं. लालसू हॉस्टेलला पहिल्यांदा आला तेव्हा वीस वर्षांचा होता आणि बारावीत. बाकी सगळे सतरा-अठराचे. त्याला सगळे काका म्हणायचे. प्रफुल सगळ्यात जास्त म्हणायचा, कारण तो रूम पार्टनर. लालसू बोलायच्या आधी थांबायचा, दोन क्षण, आणि मग नीट मराठी बोलायचा, पण त्या दोन क्षणांत वर्गातल्या पोरांचं हसून व्हायचं. प्रफुललाही वाटायचं की याला उशिरा कळतं. दुसऱ्या वर्षी कधीतरी, मेसमधून येताना, लालसूनं सहज सांगितलं होतं की गावात तो तीन वर्षं शिकला होता, माडियात, एका मास्तरच्या ओसरीत. गुणाकारापर्यंत यायचं. मग आश्रमशाळेत घातलं तर तिथं कागद नाही म्हणून पहिलीत बसवलं. ती तीन वर्षं कुणी धरलीच नाहीत. प्रफुलनं तेव्हा हं म्हटलं होतं. पुढं काका म्हणणं काही थांबलं नव्हतं. आता बायपासवर कोळशाच्या ट्रकमागं धुळीत गाडी चालवताना त्याचे कान गरम झाले. हेल्मेटच्या आत कुणाला दिसत नाहीत ते बरं.

मक्याचं हे सगळं त्याला कुणी शिकवलं नव्हतं, हेही खरं. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सुटलं, वडील दादाजी पोंभुर्ण्याकडं धानाची शेती करतात, त्यांच्या लेखी मका म्हणजे सांदवाडीत, घराच्या मागं, पोरांना भाजून खायला लावायची गोष्ट, पीक नव्हे. प्रफुल मका शिकला तो झेरॉक्सवरून, मोबाइलवरच्या व्हिडिओंवरून आणि दाढीच्या ब्लेडनं. पहिल्या हंगामात तो रोज एक झाड उपटून खोलीवर आणायचा आणि वर्तमानपत्रावर ठेवून उभं चिरायचा. पोंग्याची पानं एकेक सोलत जायचा. बाहेरचं हिरवं, आतलं पोपटी, त्याच्या आतलं पांढरं, मग इतकं पातळ की बोटाला लागलं तर फक्त गारवा कळायचा. ओल्या गवताचा, थोडा दुधाचा वास. पान टोकाकडून म्हातारं असतं आणि बुडाकडून तरुण, हे त्याला तेव्हा कळलं. आपण वर पाहतो ते टोक सगळ्यात आधी तयार झालेलं, वाढ चालू असते ती खाली, आत, झाकलेल्या जागी. आणि ती जागा पहिला महिनाभर जमिनीच्या वर नसतेच. झाड गुडघ्याला येतं तरी त्याचा शेंडा, खरा शेंडा, मातीखाली सुईच्या टोकाएवढा बसलेला असतो, आणि तिथं एकामागं एक पानं आधीच मांडून झालेली असतात. बाहेर सहा दिसतात तेव्हा आत अठरा, एकोणीस, जी काही असायची ती ठरलेली असतात. मग त्यावर तुरा. मग पान नाही. हे वाचलं त्या दिवशी त्याला जेवण गेलं नव्हतं. आपलंही असंच कधीतरी, कुणी न पाहता, ठरून गेलं असेल का, आणि आपण नुसते उलगडत बसलोय का? मग त्यानंच स्वतःला समजावलं होतं की किती पानं ते ठरलेलं असतं, ती केवढी होतील ते नाही. त्या दिवशी तेवढ्यावर भागलं. आज ते आठवून काहीच बरं वाटलं नाही.

कारण उद्या सोमवार होता. शुक्रवारी मयुरी मॅडम वही चाळत म्हणाल्या होत्या, "सोळा नंबर खूपच मागे आहे रे प्रफुल. कॅनॉपीच नाही धरली, पानांनी जमीनच नाही झाकली. पराग अडवणाऱ्या पिशव्या बांधायला माणसं कमी, आपण पंधराच वाण पुढे नेऊ. सोळा काढून टाक." काढून टाक म्हणजे कापून चाऱ्याला द्यायचं, आणि तेही तुरा यायच्या आत, नाहीतर त्याचे पराग बाकीच्यांवर पडतात. "सोमवारी सकाळी कापून घे. चालेल ना?" तो म्हणाला होता, "हो मॅडम." म्हणताना थोडं वाईट वाटलं, पण ते लालसूसाठी, मित्र म्हणून, जसं कुणाच्या पोराचा नंबर लागला नाही की वाटतं. आणि त्याच्या दोन दिवस आधीच लालसूचा फोन येऊन गेला होता. रानडुकरं घुसली म्हणे, कुंपण मोडून सगळा मका लोळवला, एक ताटही उभं नाही. "डुकरायनं पंडुमची वाट नाई पायली," लालसू हसत म्हणाला होता. "जाऊ दे, तुह्याकडं तर चार ओळी हायेत. आईले तेच सांगितलं. बी वापस भेटन म्हटलं."

रविवारी केंद्रात कुणी नसतं. चौकीदारानं विचारलं, "आज काऊन आले?" तर त्यानं नुसता हात हलवला. शेतात शिरताच पानांच्या कडा हातावर ओढत गेल्या, बारीक खाज सुटली. सोळाव्या नंबरात तो बसला आणि खुरप्यानं एका झाडाच्या बुंध्याची माती बाजूला केली. खाली, मातीच्या आत, पानांच्या फाटलेल्या चिंध्या होत्या, काळ्या, भिजलेल्या, बोटात घेतल्या तर विरघळणाऱ्या. दोन होत्या की तीन, ते सांगता येईना. दुसऱ्या झाडाला एकच सापडली. म्हणजे सगळ्या आकड्यांत सरसकट तीन मिळवून वही दुरुस्त करता आली नसती, तेही खोटंच झालं असतं. हा विचार त्याच्या डोक्यात येऊन गेला याचीच त्याला आधी लाज वाटली आणि मग नवल, की मन किती चटकन रस्ते काढतं. रंग स्टोअरमधून मिळालाच नाही असं सांगता येईल. बायांनी भर जास्त लावली असं सांगता येईल. त्या बाया मॅडमसमोर येऊन थोड्याच बोलणार होत्या. किंवा काहीच न सांगता उद्या विळा चालवता येईल. महिन्याअखेरीस करार संपत होता, नवा द्यायचा की नाही ते मॅडमच्या एका ओळीवर होतं, आणि ज्याला पानं मोजायला ठेवलंय त्याला पानं मोजता येत नाहीत, ही ओळ लिहायला किती वेळ लागतो?

खात्री करायचा एकच मार्ग होता. झाड मुळासकट काढायचं आणि खोड उभं चिरायचं. पानं गेली तरी गाठी जात नाहीत. पहिल्या चार गाठी एकमेकींना चिकटून दाटीनं असतात, पाचवीच्या आधी बोटभरापेक्षा कमी का होईना पण मोकळी जागा दिसते. ती दिसली की पाचवं पान कुठलं होतं ते सापडतं, आणि तिथून वर मोजता येतं. पण त्यात झाड जातं. वहीपुरता विचार केला असता तर चार ओळींतलं एक झाड काही मोठी गोष्ट नव्हती. पण डुकरांनंतर त्या घराचा मका एवढाच उरला होता, आणि तो त्याचा नव्हता. प्रफुल चिखलात तसाच बसून राहिला. पोंग्यातल्या पाण्यात एक हिरवं बेडकुळं त्याच्याकडं पाहत होतं. त्यानं फोन काढला, ठेवला, परत काढला.

लालसूचं भामरागडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फोन उचलल्या उचलल्या तिकडं दोन गिऱ्हाइकं बोलत होती.

"बोल पुतन्या," लालसू म्हणाला. हॉस्टेलपासून तो काकाचं उत्तर असंच देतो.

"एक झाड कापाचं होतं. तुह्या मक्यातलं."

"मंग काप ना. मले काऊन विचारून राह्यला? लाइन मारून राह्यला का झाडावर?"

"ऐक ना बे." आणि मग प्रफुलनं सांगितलं. ठिपके, रंग, पाऊस, भर, आठचा आकडा, मॅडम, उद्याचा विळा. तुकड्या तुकड्यांत, मधेच नेटवर्क जायचं तर परत पहिल्यापासून. लालसू गिऱ्हाइकांना माडियात काहीतरी म्हणाला आणि त्यांचे आवाज लांब गेले.

"म्हंजे उद्या कापनार होते. सगळाच."

"हो."

"आन मले तू कवा सांगनार होता?"

 शुक्रवारी त्यानं ठरवलं होतं की दिवाळीत भेट झाली की सांगू, तोवर विषय जुना होईल.

लालसू थांबला. तेच दोन क्षण. प्रफुलला आता त्यांची भीती वाटली.

"एक सांग," लालसू म्हणाला. "पंधरा जागी अकरा-बारा आन आमच्याच जागी आठ. तुले डाउट नाई आला? तू तर ब्लेड घेऊन बसते रातदिवस. तुले एवढं समजते."

"रंग संपला होता ना गा..."

"रंगाचं नाई विचारलं."

एक ट्रक रस्त्यावरून गेला तेवढा वेळ प्रफुलला मिळाला. ट्रक गेला. "मले वाटलं," तो म्हणाला, "जंगलातलं हाय, हळूच वाढन. म्हनून मी पायलंच नाई."

 नेटवर्क गेलं असेल असं वाटून त्यानं स्क्रीनकडं पाहिलं. सेकंद चालूच होते.

"काप," शेवटी लालसू म्हणाला. "एकच काप. फोन चालू ठेव."

त्यानं फोन शर्टाच्या खिशात उभा ठेवला. बांधाकडचं, सगळ्यात रोड झाड निवडलं, मग ते सोडून मधलं एक घेतलं, कारण रोड घेतलं तर परत तेच झालं असतं. दोन्ही हातांनी हलवून मुळासकट काढलं, माती झटकली, विळ्याचं टोक बुडात घालून वर ओढलं. खोड करकरत दोन झालं, आत पांढरं, पाण्यानं भरलेलं. बुडाशी गाठी अशा दाटून बसल्या होत्या की नखानं मोजाव्या लागल्या. एक, दोन, तीन, चार. मग अर्ध्या बोटाची जागा. मग पाचवी. पाचवीचं पान अजून हिरवं होतं, आणि त्याच्या खाली एकच पान जिवंत होतं, चौथं, ज्याला तो महिनाभर पहिलं म्हणत होता. "तीन गेली," तो खिशाकडं तोंड करून म्हणाला. "आठ आन तीन अकरा. अकरा हायेत, लालसू. बाकीच्याएवढीच."  चिरलेल्या खोडातून पाणी मनगटावर आलं.

"मले मालूम होतं," लालसू म्हणाला. आवाजात आनंद नव्हता. "आईच्या हातचं हाय ते. आता तुह्या मॅडमले काय सांगशीन?"

"सांगतो ना. खोड दाखवतो. म्हनतो की ठिपके द्याचे राहून गेले, रंग संपला."

"हे तर तू मले बी सांगत होता."

"नोकरी जाईन बे."

"जाईन बी. मी कुठी म्हनतो नाई जानार." दुकानात कुणीतरी परत आलं, लालसूनं त्याला बसायला सांगितलं. मग तो हळू बोलला. "पाय, रंग संपला म्हनशीन तर मॅडम पुढच्या साली दोन डब्या आनतीन. आन परत कोनाचं आलं इकडून, तर परत आठच दिसन. तुलेच नाई, त्यायले बी."

प्रफुल चिरलेलं खोड मांडीवर घेऊन बसला होता. मॅडमची टेबलाशी वाकलेली मान त्याला दिसली, पेन हातात, आणि समोर तो. कॅनॉपीच नाही धरली, असं त्या किती सहज म्हणाल्या होत्या, आणि तो किती सहज हो म्हणाला होता. रंगाचं वाक्य सोपं होतं, त्यात कुणीच नव्हतं, फक्त डबी होती. दुसऱ्या वाक्यात तो होता. ते मोठ्यानं म्हणायचं, जागेवर, दिवसाउजेडी, जिच्या हातात आपला करार आहे तिच्यासमोर. त्यानं जिभेवर ते एकदा फिरवून पाहिलं.

"हाय का गेला?" लालसूनं विचारलं.

"हाय."

"मंग?"

"उद्या नऊला मॅडम येतात," प्रफुल म्हणाला. "विळा चालायच्या आधी मी त्यायच्या टेबलापाशी जातो. खोड ठेवतो. आन आत्ता तुले जे सांगितलं ना, की जंगलातलं म्हनून मी पायलंच नाई, तेच सांगतो. तसंच्या तसं. रंगाचं नावबी काढत नाई. वचन हाय तुले."